दर्गईचा डोंगर: एकच टेकडी, दोन दिवसांत दोनदा जिंकली

सारागढी आता सगळ्यांना माहीत झालीय, पिक्चर येऊन गेल्यापासून तर शाळेतली पोरंसुद्धा २१ शीख म्हणून सांगतात. पण सारागढीनंतर बरोबर पाच-सहा आठवड्यांनी, त्याच समाना डोंगररांगेच्या शेजारी एक अजून लढाई झाली आणि माझ्या मते शिकण्यासारखं तिच्यात जास्त आहे, कारण ती लढाई व्हायलाच नको होती. दर्गई. (मालाकंडजवळ पण एक दर्गई आहे, ती वेगळी, गोंधळ करू नका, मी स्वतः सुरुवातीला अर्धा तास मॅपवर चुकीच्या जागी डोळे फोडत होतो.)

गोष्ट थोडक्यात अशी की १८ ऑक्टोबर १८९७ ला ब्रिटिश-इंडियन आर्मीने हा डोंगर घेतला, संध्याकाळी सोडून दिला, आणि २० तारखेला तोच डोंगर परत घ्यायला गेले तेव्हा मेलेले आणि जखमी मिळून दोनशेच्या आसपास माणसं खर्ची पडली. दोन दिवसांत. डोंगर तोच, वाट तीच, फक्त वर बसलेली माणसं कितीतरी पटीने वाढलेली. हे का झालं एवढंच मला इथे बघायचंय.

आधी जागा कुठे आहे ते. पेशावरच्या नैऋत्येला तिराह म्हणून उंचावरचा प्रदेश आहे, आफ्रिदी आणि ओरकझई या पश्तून टोळ्यांचा. आफ्रिदी म्हटलं की आपल्याला आधी तो क्रिकेटर आठवतो, तो याच लोकांतला. आफ्रिदींच्या आठ खेल आहेत, खेल म्हणजे आपल्याकडची भावकी समजा, आणि भावकीत जेवढं प्रेम असतं तेवढंच प्रेम यांच्यातही, म्हणजे एरवी एकमेकांच्या जिवावर उठलेले. उन्हाळ्यात हे लोक वर तिराहच्या मैदानात राहायचे, थंडीत बर्फ पडायच्या आधी गुरंढोरं घेऊन खाली बारा आणि खजूरीच्या माळावर पेशावरच्या बाजूला उतरायचे. हे वर-खाली करणं लक्षात ठेवा कारण पुढच्या सगळ्या मोहिमेचं टायमिंग यावर होतं. मक्याचं पीक काढून घरात आलं की मगच सैन्य घुसवायचं, म्हणजे जाळायला काहीतरी असतं. ऐकायला वाईट वाटतं पण हिशोब असाच होता.

आता १८९७ सालीच एवढी आग का लागली? १८९३ ला ड्युरँड लाइन आखली, म्हणजे काबूलचा अमीर आणि इंग्रज यांनी बसून टोळ्यांच्या घरातून रेघ मारली, ज्यांच्या घरातून मारली त्यांना विचारलं नाही. त्यानंतर एकेक ठिकाणी चौक्या, किल्ले, सडका. १८९५ ला चित्रालची भानगड झाली आणि त्यानंतर मालाकंड-स्वातमध्ये फौज कायमची बसली. समाना डोंगरावर पण किल्ले बांधले, फोर्ट लॉकहार्ट आणि फोर्ट गुलिस्तान, आणि या दोघांना एकमेकांचं दिसत नव्हतं म्हणून मधे आरशाने सिग्नल द्यायला सारागढीची चौकी. ओरकझईंच्या डोक्यावरच ही रांग. त्यात मिठावरचा टॅक्स वाढवला, कोहाटच्या बाजूच्या खाणींतलं मीठ हे त्या लोकांचं रोजचं सामान आणि धंदा पण. पळून इंग्रज हद्दीत गेलेल्या बायका परत मिळत नाहीत ही अजून एक तक्रार, आणि पश्तून माणसासाठी ती मिठाहून मोठी. मुल्ला लोकांनी या सगळ्याला धर्माची फोडणी दिली, ग्रीस-तुर्कस्तान लढाईत तुर्कांनी मार दिल्याच्या बातम्या होत्याच. पण नुसत्या मुल्लांनी पेटवलं असं जे सरकारी रिपोर्टमध्ये येतं ना, ते मला अर्धवट वाटतं. आफ्रिदींनी ज्या अटी घातल्या त्या वाचा, समाना आणि स्वातमधून निघा, मिठाचा टॅक्स कमी करा, बायका परत द्या. यात धर्म कुठेय? हा सरळ माझ्या अंगणातून बाहेर हो असा मामला आहे.

मग एकामागोमाग हल्ले. जूनमध्ये टोची खोऱ्यात मैझर, जुलैच्या शेवटी मालाकंड, ७ ऑगस्टला शबकदरवर मोहमंद, आणि २३ ऑगस्टला खुद्द आफ्रिदी खैबर घाटावर चालून आले. खैबरचा किस्सा तर वेगळाच आहे. तिथल्या चौक्या सांभाळायला खैबर रायफल्स होती, आणि तिच्यात बरेचसे जवान आफ्रिदीच. म्हणजे आत आफ्रिदी, बाहेर आफ्रिदी, काहींचे तर सख्खे नातेवाईक बाहेर गोळ्या घालतायत. १८ वर्षं खैबर सांभाळलेला वॉरबर्टन, ज्याची आई अफगाण होती आणि ज्याला हे लोक आपलं मानायचे, तो त्याच वर्षी रिटायर झालेला. लंडी कोतलला जो एक इंग्रज ऑफिसर होता त्याला ऐन वेळी मागे जमरूदला बोलावून घेतलं. आतले जवान तरीही लढले, दोन दिवस, आणि पेशावरला हजारो फौज असून मदत गेली नाही. मग लंडी कोतल पडलं, रायफली आणि काडतुसं गेली. या गोष्टीची लाज पुढच्या मोहिमेमागे किती होती हे मोजता येत नाही पण होती.

मग १२ सप्टेंबरला सारागढीची चौकी पडली, आतले २१ शीख मारले गेले. आणि हे आपल्याकडचं साल पण बघा जरा. पुण्यात प्लेग, २२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळ्या, आणि सारागढी पडली त्याच्या दोनच दिवसांनी, १४ सप्टेंबरला, मुंबईत टिळकांना राजद्रोहात १८ महिने. कलकत्ता-सिमल्यात बसलेल्या व्हॉइसरॉय एल्गिनच्या टेबलावर या दोन्ही फाइली एकाच आठवड्यात असणार. शिवाय तिराहच्या फौजेत आपल्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या कंपन्या आणि २८वी बॉम्बे पायोनिअर्स होती, म्हणजे डोंगरात वाटा फोडायला इकडची माणसं पण होती.

तर तिराह फील्ड फोर्स. सर विल्यम लॉकहार्ट कमांडर. लढणारे साधारण ३४-३५ हजार आणि त्यांच्यामागे स्वयंपाकी, भिस्ती, डोलीवाले, खेचरवाले, घोडेवाले असे जवळपास २० हजार. हा दुसरा आकडा पुस्तकांत एका ओळीत येतो आणि जातो, पण खरी मोहीम त्यांच्या पाठीवर चालली होती. रेल्वे सिंधूच्या काठी खुशालगढला संपायची, तिथे पक्का पूल नव्हता, नावांचा पूल, पलीकडे कोहाट, आणि कोहाटच्या पुढे शिनावरीचा कॅम्प. तिथून पुढे जे काही जायचं ते जनावरावर. त्याच उन्हाळ्यात सरहद्दीवर आधीच दोन-तीन मोहिमा चालू असल्यामुळे चांगली खेचरं केव्हाच संपलेली, त्यामुळे जे मिळेल ते, उंट, बैल, तट्टू, गाढव. ज्यांच्या पाठीला कधी खोगीर लागलं नाही असं जनावर आणि ज्याने कधी जनावर हाकलं नाही असा माणूस, दोघांची जोडी लावून डोंगरात पाठवले.

शिनावरीहून खांकी खोऱ्यात उतरायला चागरू कोतल ओलांडायची. कोतल म्हणजे खिंड. आणि या खिंडीच्या डोक्यावर, बाजूला, दर्गईचं गाव आणि त्याच्यावरचे कडे. आपल्या सह्याद्रीत फिरणाऱ्याला हे सांगायला लागत नाही, खिंडीतून रस्ता जातो तिथे वरच्या कड्यावर चार माणसं दगडं घेऊन बसली तरी खालचा बाजार उठतो. इथे दगडांऐवजी मार्टिनी-हेन्री रायफली होत्या. खिंडीतला रस्ता इतका अरुंद आणि खराब की जनावरं जाण्यालायक करायला आधी मजुरांच्या आणि सॅपर्सच्या टोळ्या लावायला लागल्या, आणि या लोकांवर वरून गोळ्या यायला लागल्या. म्हणून १८ तारखेचा हल्ला. उद्देश एवढाच, रस्ता करणाऱ्यांना त्रास देणाऱ्यांना वरून हाकला.

इथेच पहिली गोम आहे. हाकला, म्हणजे घ्या आणि ठेवा असं नाही.

१८ तारखेला दुसऱ्या डिव्हिजनचा मूळ जनरल यीटमन-बिग्ज आजारी, त्यामुळे सूत्रं पॉवर पामरकडे. त्याने काम नीट केलं. वेस्टमकॉटची ब्रिगेड समोरून, तिच्यात किंग्ज ओन स्कॉटिश बॉर्डरर्स आणि ३ऱ्या गुरख्यांची पहिली बटालियन, आणि केम्पस्टरची ब्रिगेड लांबून पश्चिमेकडून वळसा घालून. वर फार लोक नव्हते. मागून कोणीतरी येतंय हे कळल्यावर वरचे लोक थांबले नाहीत, पश्तून माणूस आपली परतीची वाट तुटणार असं दिसलं की बसून राहत नाही, त्यात भित्रेपणा काही नाही, अक्कल आहे. गुरखे आणि बॉर्डरर्स वर पोचले, दुपारी डोंगर हातात.

आणि मग वर गेलेल्यांनी बघितलं की इथे पाणी नाही.

मी एकदा मार्चमध्ये एका गडावर असाच गेलो होतो, नाव सांगत नाही कारण चूक गडाची नाही आमची होती, टाक्यात पाणी असणार असं कोणीतरी ग्रुपवर टाकलं होतं आणि आम्ही माणशी एक बाटली घेऊन चढलो. टाक्यात तळाला हिरवा चिखल आणि मेलेला उंदीर. अकरा वाजता जीभ टाळूला चिकटलेली, आणि आम्ही सहा जण, पाठीवर नुसती सॅक, कोणी गोळ्या घालत नाहीये. तर हजार-दोन हजार माणसं, सकाळपासून चढून लढलेली, आणि पाणी खाली लांब. आपल्याकडे गड बांधताना आधी पाणी बघायचे, मग तट, तो नियम कोणी हौस म्हणून केला नव्हता. वरती रात्र काढायची तर पाणी खेचरांवर चढवायला पाहिजे, खेचरं तर त्या खिंडीतल्या रस्त्यालाच कमी पडत होती. जेवण, पांघरुणं, काही वर आलेलं नाही. आणि तेवढ्यात खांकी खोऱ्यातून आफ्रिदींचं मोठं लष्कर वर येताना दिसायला लागलं, काही हजार.

मग निर्णय झाला, खाली उतरा. गॉर्डन हायलँडर्स आणि १५वे शीख मागे राहून बाकीच्यांना उतरवत होते. सरहद्दीवरच्या लढाईत चढण्यापेक्षा उतरणं महाग पडतं हे त्या काळचा प्रत्येक सुभेदार सांगू शकला असता. ज्या क्षणी तुम्ही पाठ फिरवता त्या क्षणी पलीकडचा माणूस तुमच्या सोडलेल्या दगडामागे येऊन बसतो. दिवसभरात मेलेले-जखमी मिळून साठेक, आणि त्यातलं बरंच नुकसान उतरताना. रात्री उशिरा सगळे शिनावरीला परत.

यात एकट्या पामरला दोष देणं मला पटत नाही, त्या संध्याकाळी वर थांबणं हे पण वेडेपण झालं असतं. चूक आदल्या दिवशीची आहे, कागदावरची. मेन फौज २० तारखेला निघणार हे ठरलेलं होतं. मग १८ ला डोंगर घेऊन १९ ला तो कोण धरणार, त्यांना पाणी कोण देणार, याचं उत्तर हल्ल्याच्या आधी पाहिजे होतं. उत्तर नव्हतं तर १८ ला जायलाच नको होतं. कारण एकदा गेलात, घेतलंत आणि सोडलंत की समोरच्याला तुम्ही दोन गोष्टी फुकट सांगता, एक म्हणजे तुम्ही या वाटेनेच येणार आहात, आणि दुसरी म्हणजे तुम्हाला इथे टिकता येत नाही.

आफ्रिदी-ओरकझईंनी ते बरोबर वाचलं. १९ तारीख त्यांना मिळाली. दिवसभर त्यांनी वर संगर रचले. संगर म्हणजे आपल्या मराठीतलं युद्ध नव्हे बरं, दगडावर दगड ठेवून केलेला आडोसा, बंदुकीची नळी बाहेर काढायला फट ठेवून. २० तारखेला सकाळी वर आठ ते बारा हजार लोक असावेत असा ब्रिटिशांचा अंदाज, अंदाजच आहे तो, हरणारा आणि जिंकणारा दोघेही समोरच्याचे आकडे फुगवतात, पण १८ पेक्षा कितीतरी जास्त हे नक्की. आणि एक गोष्ट लक्षात घ्या, या लष्करातला प्रत्येक माणूस आपलं पीठ आपणच पाठीवर आणतो, त्यांच्याकडे कमिसारिएट, म्हणजे रसद पुरवणारं खातं, नाही. म्हणजे चार-पाच दिवसांत त्यांना घरी जावंच लागतं. त्यांच्या बाजूने बघितलं तर ऐन मोक्याला माणूस जमला होता आणि इंग्रज त्याच मोक्याला आले.

२० तारखेला यीटमन-बिग्ज परत कमांडवर. आणि या वेळी १८ ला ज्या वळशाने काम केलं तो वळसाच घातला नाही. सगळं समोरून. का, यावर पुढे पुष्कळ शाई खर्ची पडली, वेळ नव्हता, वळसा लांबचा, पूर्ण डिव्हिजन त्याच दिवशी खिंडीपार न्यायची होती, मागे सामानाची रांग खोळंबलेली. कारणं खरी असतील पण परिणाम एकच.

समोरून जायचं तर चागरू कोतलावरून एका धारेवरून वर चढायचं, वर शेवटच्या कड्याच्या आधी थोडा आडोसा, आणि त्या आडोशापासून कड्याच्या पायथ्यापर्यंत एक उघडा चिंचोळा पट्टा. शंभर-दीडशे यार्ड लांब. रुंदी तर काहीच नाही. दोन्हीकडे उतार. म्हणजे एका वेळी फार माणसं जाऊच शकत नाहीत आणि जी जातात ती वरच्या प्रत्येक रायफलीला दिसतात. शंभर यार्ड म्हणजे किती, बिल्डिंगच्या पार्किंगमधून कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत जाण्याइतकं, पंधरा-वीस सेकंदांचं धावणं.

दहाच्या सुमारास २ऱ्या गुरख्यांची पहिली बटालियन पहिल्यांदा त्या पट्ट्यावर गेली. पहिली तुकडी पोचली पलीकडे, त्यातले बरेच वाटेत पडले. मागून येणारे आणखी पडले. कॅप्टन रॉबिन्सन पहिल्या लोकांबरोबर पलीकडे पोचला होता, माणसं कमी आहेत हे बघून अजून आणायला तो त्याच पट्ट्यावरून उलटा आला आणि गोळी लागली, त्यातच गेला. पलीकडे कड्याखाली जे थोडे गुरखे पोचले ते तिथेच दगडाखाली चिकटून बसले, वर जाता येईना आणि मागे येता येईना, तासन्‌तास. मग डॉर्सेट रेजिमेंटने प्रयत्न केला, मग डर्बीशायर. तेच. दुपार झाली. पट्ट्यावर पडलेली माणसं, त्यातली काही अजून हलतायत, आणि कोणी हललं की वरून परत गोळी.

एक बारीक गोष्ट, जी मला फार टोचते. गोऱ्या पलटणींकडे ली-मेटफर्ड होती, नवी, मॅगझिनची, बिनधुराची. हिंदी पलटणी आणि गुरख्यांकडे अजून मार्टिनी-हेन्रीच. आणि वर आफ्रिदींकडे पण बऱ्याच जणांकडे मार्टिनीच, काही चोरलेल्या, काही खैबरहून आलेल्या, आणि वर थोड्या ली-मेटफर्ड पण हाती लागलेल्या. म्हणजे सगळ्यात आधी ज्यांना उघड्यावर पाठवलं त्यांच्या हातात समोरच्याइतकीच किंवा त्याहून जुनी बंदूक. १८५७ नंतर हिंदी सैनिकाला कायम एक पिढी मागची बंदूक द्यायची हे धोरणच होतं.

तीनच्या सुमारास केम्पस्टरने गॉर्डन हायलँडर्स आणि ३रे शीख वर आणले. या वेळी डोंगरी तोफांनी सगळ्या मिळून काही मिनिटं एकाच जागी मारा केला, आणि मारा थांबला तसा कर्नल मथायसने आपल्या लोकांना सांगितलं की जनरल म्हणतोय ही जागा काय वाट्टेल ते करून घ्यायचीच, गॉर्डन्स घेतील. आणि सगळे एकदम निघाले, तुकड्या-तुकड्यांनी नाही. हा फरक महत्त्वाचा. आधी सकाळपासून थोडे थोडे गेले होते, वरच्यांना प्रत्येक खेपेला निवांत नेम धरता आला. आता तोफेच्या धुळीत शेकड्यांनी माणसं एका दमात पट्ट्यावर, पाठोपाठ शीख, डॉर्सेट, डर्बी, आणि तिथे दगडाखाली सकाळपासून बसलेले गुरखे पण उठले. पडायचे ते पडले पण पट्टा ओलांडला गेला. आणि पट्टा ओलांडल्यावर पुढे फारसं काही उरलंच नव्हतं, कारण आफ्रिदी हातघाईला थांबले नाहीत, पलीकडच्या उताराने खांकीत उतरून गेले. संगरांत प्रेतं फार थोडी सापडली. एवढं सगळं ज्यासाठी केलं तो शत्रू शाबूत निघून गेला.

रात्री वर राहायचं होतं. पाणी? तेच. पांघरुणं? सामान खिंडीत अडकलेलं, एका जनावरामागे एक अशी रांग, एक उंट बसला की मागे सगळं बंद. ऑक्टोबरची त्या उंचीवरची थंडी. १८ ला पाण्या-पांघरुणाच्या ज्या अडचणींमुळे खाली उतरले त्यातली एकही २० ला बदललेली नव्हती, फक्त या वेळी उतरले नाहीत. गॉर्डन्सनी खाली जाताना गुरख्यांचे जखमी उचलून नेले, हे मात्र सगळ्यांनी लिहून ठेवलंय आणि ते खरं मानायला मला आवडतं.

आता मजा बघा. या दिवसातलं काय लक्षात राहिलं? पायपर फिंडलेटर. जॉर्ज फिंडलेटर, गॉर्डन्सचा बॅगपाइपवाला, दोन्ही पायांत गोळ्या लागून खाली बसला आणि दगडाला टेकून वाजवत राहिला. शूर माणूस, प्रश्नच नाही. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस, शिवाय गॉर्डन्सचाच लॉसन, डर्बीशायरचा लेफ्टनंट पेनेल आणि डॉर्सेटचा व्हिकरी यांना पण. इंग्लंडमध्ये पोस्टर, चित्रं, धमाल. सकाळी दहाला पहिल्यांदा त्या पट्ट्यावर पळालेल्या गुरख्यांपैकी एकालाही नाही, कारण नियमच नव्हता, हिंदी फौजेतल्या देशी शिपायाला व्हिक्टोरिया क्रॉस मिळू शकतो हे १९११ मध्ये ठरलं. त्यांच्यासाठी वेगळं इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट.

आणि फिंडलेटरचं पुढे काय झालं? पाय जखमी, सैन्यातून बाहेर, पेन्शन तुटपुंजी. म्हणून तो लंडनच्या म्युझिक हॉलमध्ये स्टेजवर पाइप वाजवायला लागला, पैसे घेऊन. तर वॉर ऑफिसला लाज वाटली, पदकाचा अपमान म्हणे, पार्लमेंटपर्यंत चर्चा गेली. डोंगर दोनदा का चढायला लावला यापेक्षा पायपरने तिकीट लावून का वाजवलं हा प्रश्न साहेबाला जास्त झोंबला. बॅगपाइपच्या आवाजात पाण्याचा विषय कोणाला ऐकूच आला नाही.

बाकी मोहीम भरभर सांगतो. दर्गई घेऊनही फौज लगेच पुढे गेली नाही, कराप्पाला आठवडाभर सामानाची वाट बघत बसली, म्हणजे २० लाच पार करायची जी घाई होती ती पण तशी फुकटच. २९ ला संपाघा खिंड, ३१ ला अरहंगा, आणि पुढे तिराहचं मैदान, जिथे ब्रिटिश फौज आधी कधी गेली नव्हती. तिथे पोचल्यावर लढाई नाहीच. दिवसा चारा-धान्य गोळा करायला जायचं, घरं पाडायची, जाळायची, अक्रोडाची झाडं तोडायची, आणि परत येताना मागच्या तुकडीवर गोळ्या खायच्या. रात्री कॅम्पवर स्नायपर. ९ नोव्हेंबरला सरान सरवर नॉर्दम्प्टनशायरची एक तुकडी उतरताना नाल्यात कापली गेली, परत तोच उतरण्याचा धडा. ओरकझई नोव्हेंबरमध्ये मानले, ३० हजार रुपये आणि ५०० रायफली. आफ्रिदींना ५० हजार आणि ८०० रायफली सांगितल्या, ते कबूल होईनात. वर बर्फ यायची वेळ झाली तसं डिसेंबरमध्ये फौजेलाच तिराह सोडावं लागलं, आणि दुसरी डिव्हिजन बारा नदीच्या पात्रातून, गारठलेल्या पाण्यातून, दिवसेंदिवस मागून मार खात उतरली. त्यात नोकर-डोलीवाले किती गारठून राहिले याची नीट नोंद कोणी ठेवली असेल असं वाटत नाही. यीटमन-बिग्ज जानेवारीत पेशावरला आजारानेच वारला. २९ जानेवारीला शिनकमरला ३६ व्या शिखांचा हॉटन मेला, सारागढीच्या वेळी फोर्ट लॉकहार्टवरून असहाय बघत राहिलेला तोच हॉटन. पूर्ण मोहिमेत मेलेले-जखमी साडेअकराशेच्या आसपास, त्यातले पावणेतीनशेच्या वर मेलेले. या मोहिमेत वापरलेल्या डमडम गोळीवर, जी कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात बनायची, दोनच वर्षांनी हेगच्या परिषदेत बंदी आली.

कोण जिंकलं? आफ्रिदी शेवटी मार्च-एप्रिलपर्यंत मानले, पण ते लढाईत हरले म्हणून नाही, थंडीत उतरायचा माळ बंद, पेशावरचा बाजार बंद, वरचं धान्य जळालेलं, म्हणून. म्हणजे ज्याने काम झालं ते नाकाबंदीने. मग दर्गई कशासाठी? मोहीमच वर तिराहमधून न नेता खालूनच माळ आणि बाजार अडवून बसले असते तरी चाललं असतं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं, पण मग लंडी कोतलची आणि सारागढीची भरपाई दिसली नसती, आणि सरकारला ती दिसायला हवी होती.

एप्रिल १८९८ मध्ये लॉकहार्ट पेशावर सोडून निघाला तेव्हा असं सांगतात की आफ्रिदी त्याच्या गाडीभोवती जमले, घोडे सोडले आणि गाडी स्वतः ओढत स्टेशनला घेऊन गेले. जो माणूस सहा महिने घरं जाळत होता त्याची. त्यातल्या कितींच्या घरावर छप्पर होतं कोण जाणे. कर्झनने पुढे टोळ्यांच्या मुलखातून पलटणी मागे घेतल्या, चौक्या परत तिथल्याच लोकांच्या हातात दिल्या, १९०१ ला वेगळा सरहद्द प्रांत केला. खैबर रायफल्समध्ये परत भरती सुरू झाली, परत आफ्रिदीच. आणि १९०८ मध्ये आफ्रिदींच्याच झक्का खेलवर परत एक मोहीम काढायला लागली.